सात प्लेटी

रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत चहा.
चहाच म्हणायचा, दूध जास्त झालेला,
वर साय धरलेला.
मुस्तकीम मिस्त्रीने बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं,
म्हणाला, हेड शाबूत आहे, नशीब समजा.
कूलर फुटलाय. तेल पाण्यात येतंय.
वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर सकाळचे साडेआठ,
गाडीत नऊ टन टाइल्स
आणि पार्टीचा तिसरा फोन.

खोललेला कूलर त्याने गोणपाटावर ठेवला.
वीतभर लांब, एकावर एक बसवलेल्या चपट्या प्लेटी.
नखाने मोजल्या. सात.
एवढ्याशा वस्तूत एका बाजूने तेल जातं,
दुसऱ्या बाजूने पाणी,
मध्ये पत्रा, पोस्टकार्डाएवढा.
तेलाने ताप द्यायचा, पाण्याने घ्यायचा,
आणि एकमेकांना शिवायचं नाही.
नऊ वर्षं शिवले नव्हते.

कुर्ला, सीएसटी रोड.
वीरजीभाईंनी खोका काढला, कंपनीचा,
होलोग्राम उन्हात तिरपा धरून दाखवला.
अकरा हजार आठशे पन्नास.
काही कमी? ते हसले. डुंबरे शेठ, खोका परत ठेवू?

पुढच्या दुकानात मिसरूड फुटलेला पोरगा.
सेम टू सेम, काका. बेचाळीसशे.
रंग झकास होता. हातात घेतला तर हलका.
नख फिरवलं. सहा.
परत फिरवलं. सहाच.
एका प्लेटीने काय होतंय, म्हणाला.
मे महिन्यात, भरल्या गाडीनिशी, दुसऱ्या गिअरात
कसारा चढला नाहीस बाळा,
असं मनात आलं. बाहेर फक्त, बघतो.

जब्बारकडे भंगारातला, अडीच हजार.
त्याने एक तोंड बंद केलं, दुसऱ्यात हवा भरली
आणि पिंपात बुडवला.
आम्ही तिघं वाकून पाण्यात बघत राहिलो,
विहिरीत काही पडल्यासारखे.
बुडबुडा नाही.
थंड पाण्यात नाहीच येत, मुस्तकीम माझ्या कानाशी म्हणाला,
तापल्यावर चीर तोंड उघडते.
बाहेर काढला तेव्हा कडेला खिळ्याने कोरलेलं दिसलं:
१४ मार्च, बदलला.
कुठल्या सालचा मार्च, ते नाही.

तिन्हींचे फोटो काढले, भाव लिहिले,
ओतूरला पाठवले, खंडूला.
गाडी दोघांच्या नावावर आहे.
विहिरीची वाटणी झाली त्या वर्षापासून
आमच्यात गाडीपुरतंच बोलणं.
टायर. पासिंग. इन्शुरन्स.
आई आजारी होती तेव्हासुद्धा त्याने आधी
डिझेलचा हिशेब लिहिला होता, मग तिचं.

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.
उसाचा रस घेतला. मुस्तकीमने दोन घेतले.
पोरगा दुकानातून बघत होता, अडतीसशे, काका.

मग फोन वाजला. सहा हजार जमा.
खाली एक ओळ:
कंपनीचाच घे. ओ-रिंगा जुन्या टाकू देऊ नको.

अकरा हजार आठशे पन्नासचे निम्मे
पाच हजार नऊशे पंचवीस.
वरचे पंचाहत्तर कशाचे, मी विचारलं नाही.
खंडू पैशापैशाचा हिशेब ठेवणारा माणूस.

संध्याकाळपर्यंत मुस्तकीमने
कपडे धुवायची पावडर घालून तीनदा पाणी फिरवलं,
तीनदा गटारात चहा सोडला.
चौथ्यांदा बरं आलं.
नवा कूलर बसला, ओ-रिंगा नव्या,
बोल्ट त्याने आडवेतिडवे आवळले, एका ओळीत नाही,
नाहीतर एक बाजू दाबते नि दुसरी गळते.
सेल्फ मारला. गाडी घेतली.
काटा हळूहळू मधोमध आला आणि थांबला.

रेडिएटरच्या तोंडावर बॅटरी धरून दोघं बघत होतो.
पाणी हिरवं, स्वच्छ.
मग एक थेंब वर आला, चकाकणारा,
पसरला, इंद्रधनुष्यासारखा.
माझ्या पोटात गोळा.

दोन-तीन दिवस येत राहील, मुस्तकीम म्हणाला,
पाइपात कुठे कुठे बसलेलं असतं.
जुनं आहे ते.
फडक्याने टिपत जा.